कौतुकाची नोंदवही : रायगडापासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा "काका, इतिहासावर लिहा, बँकेवर नको" असे बजावून सांगितले आहे. बँक थोडी येईलच, छत्तीस वर्षांची सवय आहे. पण विषय इतिहासाचाच घेतो.

विषय सुचला तो कार्यक्रमपत्रिकेच्या कच्च्या मसुद्यावरून. त्यात 'सत्कार' या मथळ्याखाली आजवरचे सर्व अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची नावे आहेत. ती असायलाच हवीत. बिनपगारी काम, वर शिव्या, असा हा मान असतो हे आपण सगळे जाणतो. पण यादी तिथेच संपते. ती वाचून मनात आलं की, ज्यांना आपण थोर पुढारी म्हणतो, त्यांनी आपल्याबरोबर राबलेल्या माणसांची कदर कशी केली होती, ते एकदा पाहावे. लांबून सुरुवात करतो आणि हळूहळू आपल्या वेवजीपर्यंत येतो.

पहिला मान कोणाचा?

१३ जुलै १६६०. पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांचे मावळे घेऊन उभे राहिले. ही कथा आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही पाठ असते. त्यानंतर काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्या काळी दरबारात मानाचा एक क्रम असे. मावळातल्या देशमुखांत तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. अफझलखानाच्या प्रसंगी वतनावर पाणी सोडून जेधे महाराजांच्या पाठीशी उभे राहिले होते, त्यामुळे तो मान त्यांना शोभतही होता. पण घोडखिंडीत रक्त सांडले ते बांदलांचे. 'जेधे करीना' या जुन्या कागदात नोंद आहे की, या पराक्रमानंतर पहिल्या पानाचा मान बांदलांना देण्यात आला आणि जेध्यांनी त्याला मान्यता दिली.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे महाराजांनी एकट्या सरदाराला बोलावून पाठ थोपटली नाही. मान अख्ख्या बांदलांच्या जमावाला मिळाला. दुसरी गोष्ट जेध्यांची. आपल्याकडचा मान दुसऱ्याकडे जाताना पाहणे किती अवघड असते, हे ज्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवरून झालेले रुसवेफुगवे पाहिले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. तिथे तर पिढीजात मानाचा प्रश्न होता. पुढाऱ्याने आधी विश्वासात घेतले म्हणून जेध्यांनी तो मोकळ्या मनाने सोडला, असे मला वाटते.

रायगडावर गेलेल्यांनी जगदीश्वराच्या मंदिराची पायरी पाहिली असेल. तिच्यावर हिरोजीचे नाव कोरलेले आहे, सेवेत तत्पर असलेला हिरोजी अशा अर्थाचे. हिरोजी म्हणजे रायगडाचे बांधकाम करणारा अधिकारी. महाराजांनी बक्षीस माग म्हटल्यावर त्याने सोने न मागता पायरीवर नाव मागितले, अशी गोष्ट गाईड रंगवून सांगतात. ती लोककथा म्हणून ऐकावी. पण त्याच मंदिरावर मोठा संस्कृत शिलालेख आहे आणि त्यातही बांधणारा म्हणून हिरोजीचे नाव आहे. राजाच्या राजधानीत, राजाच्या देवळाच्या शिलालेखात बांधकाम करणाऱ्याचे नाव यावे ही गोष्टच मला मोठी वाटते. आपल्या प्रवेशद्वारावरच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव आहे. गवंड्याचे कुठे आहे?

आपल्याच किनाऱ्यावरची लढाई

आता थोडे जवळ येऊ. तारापूर, डहाणू, संजाणपासून वसईपर्यंतचा हा किनारा दोनशे वर्षांच्या आसपास पोर्तुगीजांकडे होता. मराठ्यांची वसईची मोहीम १७३७ साली सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेऊन संपली. मोहिमेचे प्रमुख चिमाजी अप्पा. वसईआधी, जानेवारी १७३९ मध्ये, तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार पडले. सर्व वेढ्यांत मिळून माणसे हजारोंनी गेली.

विजयाच्या खुणा म्हणून चर्चमधल्या घंटा देशावर नेऊन देवळांत बांधल्या गेल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आजही आहे, यात्रेकरू ती पाहून येतात. पण मराठ्यांच्या कारभारात या घंटांपेक्षा मोलाची एक पद्धत होती, ती फार कमी लोकांना माहीत असते. तिचे नाव बालपरवेशी. लढाईत किंवा सरकारी कामात जो मेला, त्याच्या मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी नेमणूक करून द्यायची. जुन्या दफ्तरात या नेमणुकांच्या नोंदी सापडतात. मी बँकेतला माणूस, त्यामुळे मला जयजयकारापेक्षा ही नोंद अधिक खरी वाटते. घंटा वाजते तेव्हा सगळ्यांना ऐकू येते, पण मागे राहिलेल्या पोरांच्या तोंडात घास पडतो तो त्या वहीतल्या ओळीमुळे. सत्काराचा खर्च आणि माणसाच्या गरजेचा खर्च ही दोन वेगळी खाती आहेत, आणि पुढाऱ्याने दोन्ही सांभाळायची असतात.

झरी, १९४५

आणखी जवळ येऊ या. आपल्याच तलासरी तालुक्यातले झरी गाव सगळ्यांना माहीत आहे. रिक्षाने जाता येते. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात मोडत असे. २३ मे १९४५ रोजी झरीला वारली बांधवांची परिषद भरली. सुमारे ५,००० लोक आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली, किसान सभेच्या झेंड्याखाली, तिथे वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. सावकाराच्या आणि जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे नाही, एवढे साधे मागणे. त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मिळून पाच जण मारले गेले.

पक्ष आणि राजकारण बाजूला ठेवून वाचकांनी एका गोष्टीकडे पाहावे. गोदावरीबाई पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. पुढे त्यांनी या लढ्याची हकिकत पुस्तकात लिहिली आणि १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. पुस्तकाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. म्हणजे नावातच स्वतःला बाजूला ठेवले आहे. जागा झालेला माणूस म्हणजे इथला, पाड्यावरचा. मी जागे केले, असा त्या नावाचा सूर नाही.

आणि १० ऑक्टोबर? तो दिवस या भागात आजही पाळला जातो. जेठ्या गांगड यांचे नाव दरवर्षी घेतले जाते. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण पुढारी माणसाचे नाव इमारतीवर लागणे सोपे असते. ज्याच्या नावावर सात-बारा नव्हता, अशा माणसाचे नाव पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडी टिकणे सोपे नाही. ते दरवर्षी आठवणीने घ्यावे लागते. आपल्यापैकी बरेच जण उंबरगावच्या जीआयडीसीत नोकरी मिळाली म्हणून इथे आलो, फ्लॅट घेतला आणि राहिलो. ज्या मातीवर आपली बिल्डिंग उभी आहे, तिचा हा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, एवढ्यासाठीही तो इथे सांगितला.

कोसबाडची टेकडी

या लेखात मला सर्वात अधिक सांगायचे आहे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडबद्दल.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. त्या पदवीधर झाल्या १९१४ साली, म्हणजे मुलींनी शाळेत जाणेही नवलाचे होते त्या काळात. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार. पण हे सगळे शहरातल्या मुलांसाठी होते. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला हे शिक्षण कसे मिळेल, या विचाराने त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेव्हा त्यांचे वय ५३.

त्यांना तिथे साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताईंचा जन्म १९१० चा, म्हणजे ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली, रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. चांगली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या, आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत हेच काम करत राहिल्या. सत्तेचाळीस वर्षे!

बोर्डीला लक्षात आले की वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची ठरले. अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, मग गाणी-गोष्टी आणि शंखशिंपले-पाने-बिया घेऊन खेळ. ही अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध आले. तिथली मोठी मुले गुरे राखायला जातात, शाळेत कशी येणार? तर शाळा कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आपल्या पाड्यांवरच्या अंगणवाडी सेविका ज्या नावाने ओळखल्या जातात, त्या नावाचे माहेर आपल्या शेजारी बोर्डी-कोसबाडला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांचा गौरव झाला, सर्वांना आनंद झाला. पण ताराबाईंनी अनुताईंचा गौरव कसा केला? मला त्याचे उत्तर त्यांनी अनुताईंना दिलेल्या कामात दिसते. रोजच्या कामाचा मोठा भार त्यांच्यावर सोपवला, नवे प्रयोग त्यांच्या हातून होऊ दिले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तेव्हा टेकडीवरचे काम एका दिवसासाठीही पोरके झाले नाही, कारण ते चालवणारी बाई तयार होती आणि सगळ्यांना ती माहीत होती. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. गुरू गेल्यावर बारा वर्षांनी शिष्येचे काम स्वतःच्या नावाने ओळखले गेले.

किती संस्थांत उलटे होते! संस्थापक असेपर्यंत सगळे त्यांच्याच नावावर, आणि ते गेले की कुलूप. भाषणात "माझ्या सहकाऱ्यांशिवाय हे शक्य नव्हते" असे म्हणणारे पुष्कळ असतात. पण सहकाऱ्याच्या हाती किल्ली देणारे थोडे. अनुताईंनीही पुढे तेच केले. बालसेविका प्रशिक्षणातून त्यांनी गावोगावच्या मुलींना उभे केले. कोणाच्या कामावर विश्वास टाकून त्याला पुढचे काम देणे, हेही कौतुकच असते. त्याला हार लागत नाही.

गंजाडच्या भिंती

डहाणू तालुक्यातलेच गंजाड. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी कामानिमित्त या भागात फिरत होते. त्याआधी बिहारात दुष्काळ पडला असताना मधुबनीच्या बायकांची चित्रे कागदावर आणून जगापुढे ठेवण्यातही त्यांचा हात होता. इथे त्यांनी मशे यांना कागद आणि रंग दिले आणि चित्र ज्याचे, नाव त्याचे, हा नियम पाळला. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. आज वारली चित्रकला मुंबई विमानतळापासून परदेशापर्यंत पोहोचली आहे. कुलकर्णींचे नाव मात्र किती जणांना आठवते? त्यांनी ते पुढे केलेच नाही.

तरी एक बाजू राहतेच. ही कला मुळात बायकांची. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मध्ये पालघट देवी काढायची, हे सवाशिणींचे काम. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते केले आणि लग्न आटोपल्यावर चित्र भिंतीबरोबर पुसट होत गेले. त्यांची नावे कुठेही नाहीत. मशे यांची योग्यता यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण गौरव करताना ज्यांच्या खांद्यावर हा माणूस उभा आहे त्यांचीही आठवण निघाली पाहिजे, नाहीतर यादी अपुरी राहते.

आता थोडी बँक

मी नोकरीला लागलो तेव्हा बँकेचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे. संगणक नव्हते. लेजर हाताने मिळवायचे. सारे जग नववर्षाचे फटाके वाजवत असे आणि आम्ही पहाटेपर्यंत सात पैशांचा फरक शोधत बसत असू. त्या रात्री दफ्तरी वह्या काढून देई, शिपाई दर दोन तासांनी चहा आणी, आणि वॉचमन बाहेर थंडीत उभा असे. एका शाखेत आमचे ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण झाले, तर वरून आलेल्या पत्रात फक्त मॅनेजरसाहेबांचे नाव होते. साहेबांनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावले खरे, पण त्याच्याखाली स्वतःच्या हाताने शाखेतल्या प्रत्येकाचे नाव लिहिले. दफ्तरी आणि शिपायासह, आडनावासकट. "अमुक आणि इतर कर्मचारी" असे लिहिले नाही. त्या दफ्तऱ्याने निवृत्त होताना तो कागद मागून घेतला. त्याच्या घरी तो फ्रेम करून लावलेला मी पाहिला आहे. बक्षिसाची रक्कम शून्य होती.

आपली यादी

तर आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांत काय काय झाले, ते इतिवृत्ताच्या वहीत आहे. पण वहीत ठराव असतात, "सर्वानुमते मंजूर" असते. राबणारे हात नसतात.

पहिल्या तीन-चार उन्हाळ्यांत बोअरवेल आटायची तेव्हा टँकर आल्यावर नळी घेऊन धावणाऱ्या आपल्या भगिनी कोण होत्या? कोणाच्या घरी किती बादल्या गेल्या, याचा हिशेब एकीने वहीत ठेवला होता आणि एकदाही भांडण झाले नाही! २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. रात्री-अपरात्री आपण लेकरे-म्हातारी घेऊन खाली मैदानात झोपलो. त्या महिन्यांत प्रत्येक जिन्यावर बॅटरी घेऊन उभे राहणारे आणि माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्याला हात धरून उतरवणारे आपले रात्रपाळीचे चौकीदार काका कोणाच्या यादीत आहेत? २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या पाड्यावरून चालत येऊन रोज कचरा उचलणाऱ्या ताई? बिल्डरकडून कन्व्हेयन्स मिळत नव्हते तेव्हा सुट्टी टाकून सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारे दोन सभासद, जे कधीच कमिटीवर नव्हते?

मी त्यांची नावे इथे मुद्दाम छापत नाही. ही यादी माझ्या एकट्याच्या आठवणीवर असू नये, कारण कोणी सुटले तर ते जन्मभर सलेल. म्हणून समितीला तीन सूचना करतो.

एक, प्रत्येक विंगमधून दोन माणसे घ्या, एक पुरुष आणि एक बाई, आणि जुन्या रहिवाशांना विचारून पंचवीस वर्षांची नावनिशीवार यादी करा. ज्यांची नावे घ्यायची त्यांना आधी विचारा. कोणाला मंचावर यायचा संकोच वाटला, तर नाव वाचून दाखवा. पण काम काय केले ते एका वाक्यात सांगा. "सहकार्याबद्दल आभार" हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून कोणालाच लागत नाही.

दोन, सत्काराचा क्रम पदावरून ठरवू नका. आजी-माजी अध्यक्षांनी पहिला मान चौकीदार काकांना आणि ताईंना द्यावा. जेध्यांनी दिला होता, आपल्याला जड जाऊ नये. मी माजी खजिनदार या नात्याने यादीत आहे. माझे नाव सर्वात शेवटी घ्या, माझी लेखी संमती समजावी.

तीन, शालींचा खर्च निम्मा करून उरलेल्या रकमेत सोसायटीसाठी काम करणाऱ्यांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी दरवर्षी काही तरतूद करता येईल का, हे पाहावे. बालपरवेशीचा छोटा अवतार म्हणा. नियमात कसे बसवायचे ते ऑडिटर सांगतील. ठराव मी मांडायला तयार आहे, अनुमोदक पाहिजे.

आणि नव्या पिढीतल्या मंडळींसाठी एक. कमिटीत आम्ही म्हातारेच आहोत आणि तुम्ही येत नाही, अशी आमची तक्रार असते. पण तुमच्यापैकी एकाने सोसायटीचा सगळा हिशेब मोबाइलवर आणून दिला, तेव्हा आम्ही "छान हं" म्हणून पुन्हा वहीतच लिहीत बसलो. पुढच्या वर्षी खजिनदाराच्या किल्ल्या त्याच्याकडे द्याव्यात, असे मी सुचवतो. कोसबाडच्या टेकडीवर तसेच झाले होते, आणि ते काम टिकले.

रौप्यमहोत्सवास शुभेच्छा. नावांची यादी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी ही विनंती. कोणाला जुने काही आठवत असेल तर संध्याकाळी सहानंतर मी गेटजवळच्या बाकावर असतो, वही घेऊनच बसेन.